वंदनाचे पाणी

सन १९९७, मार्च महिना, उन्हाळा नुकताच लागला होता. तेव्हापासून मी आमच्या ह्यांना घेऊन नाशिकच्या एका मूत्रपिंडतज्ज्ञांच्या दवाखान्यात दर पंधरवड्याला जाऊ लागले. डॉक्टर फार हुशार आणि फार उशिरा येणारे. त्यामुळे बाहेरच्या बाकावर माणसांची ओळख होई, ओळखीची मैत्री होई आणि घरी परतताना पिशवीत औषधे व डोक्यात एखादा किस्सा असे. असे किस्से साठत जातात, सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्याजवळचे बहुतेक वंदनाचे आहेत.

*

ह्यांच्या पायांवर सूज होती, म्हणून पाणी फुलपात्राने मोजून द्यायचे. त्याच बाकावर एके दिवशी चोविशीची एक मुलगी येऊन बसली, हीच वंदना. बरोबर आई आणि पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन. मला वाटले, लांबच्या प्रवासाला निघाल्या असाव्यात. पण त्या मखमलाबादच्या, फुलशेती करणाऱ्या घरातल्या. मुलगी थोड्या थोड्या वेळाने उठे, भिंतीकडे तोंड करून घटाघट पाणी पिई आणि निमूट येऊन बसे.

"भिंतीकडे का गं वळतेस?" मी विचारले.

ती ओशाळली. "आजोबांना पाणी मोजून आहे ना. त्यांच्यासमोर कसं प्यायचं?"

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "इकडे तोंड कर आणि पी. माझ्या वाटचंही तूच पी. ते वाया गेलं असं तरी वाटायला नको."

ती हसली आणि त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा एक पेलाभर प्याली. तिची आई, सुमनबाई, माझ्याजवळ सरकली. "जन्मल्यापासून असंच हाय, काकू. पाणी थांबलं की ताप भरतो, डोळे खोल जातात. इतके दिवस निभावलं. आता लग्नाची झाली. समोरच्यांना सांगावं तर स्थळ जातं, न सांगावं तर पोरीचा जीव जाईल."

*

आजाराचे नाव डायबेटीस इन्सिपिडस. लोक पहिला शब्द ऐकतात आणि तिथेच थांबतात. वंदना बी.कॉम. झाली तेव्हा शेजारीण घरी आली, स्वतः चार पेढे खाल्ले आणि वंदनाच्या हाती वाटीभर कारल्याचा रस ठेवून गेली.

"प्यालीस?" ह्यांनी विचारले.

"प्याले की. पाणीच होतं त्यात जास्त."

शब्द ढिलेपणाने वापरलेले मला खपत नाहीत. मी डॉक्टरांना खुलासा विचारला.

"आजी, आडनाव एक, घराणी वेगळी," ते म्हणाले. "साखरेचा इथे संबंधच नाही. मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं आणि गाळलेलं बहुतेक पाणी शरीर परत घेतं. त्यासाठी पेशींच्या भिंतीत प्रथिनांची बारीक दारं असतात. मेंदूकडून हुकूम आला की दारं भिंतीत येऊन बसतात आणि पाणी आत येतं. हिच्या मेंदूचा हुकूम वेळेवर येतो. पण दाराची घडणच किंचित वाकडी, म्हणून ते पेशीच्या आतच अडकून राहतं. मग पाणी सरळ वाहून जातं."

"म्हणजे सुताराने दार केले, पण ते त्याच्या कारखान्यातच पडून राहिले."

"अगदी तसंच."

"मग आम्हाला मॅट्रिकला हे का नव्हते?"

"ही दारं सापडूनच चार-पाच वर्षं झालीत, आजी."

शरीरशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या बाईंविषयीचे माझे मत त्या दिवशी सुधारले.

*

डॉक्टरांनी वंदनाला मीठ कमी करायला सांगितले आणि एक गोळी दिली. औषधवाल्याने चिठ्ठी पाहून गोळी द्यायचे नाकारले. "ताई, ही लघवी वाढवायची गोळी आहे. तुम्हाला तर कमी करायची म्हणता."

सुमनबाई घाबरून परत आल्या. डॉक्टर म्हणाले, गोळी तीच. मात्र हिच्या आजारात तिचा परिणाम उलटा होतो, लघवी कमी होते. योगायोग असा, की ह्यांनाही साधारण त्याच जातीची गोळी होती, आणि ती लघवी वाढवण्यासाठीच.

"आजोबा, तुमची-माझी गोळी बदलली तर?" वंदना म्हणाली.

"काही बिघडत नाही," हे म्हणाले. "कुणाच्या पोटात गेलो ते गोळीला बरोबर कळतं. आपल्या नगरसेवकांसारखी आहे ती."

*

वंदनाची आत्या निफाडची. तिला वंदना आपल्या मुलासाठी हवी होती. आजार ठाऊक असूनही मागणी घालणारी तेवढी एकच. डॉक्टरांनी मात्र हात जोडले. हा दोष आई आणि वडील, दोघांकडून आला तरच आजार होतो. वंदनाचे आईवडील मामेभाऊ-आतेबहीण, आणि आत्याच्या मुलातही तोच दोष दडलेला असू शकेल.

आत्या रागावली. "म्हणजे आमच्या घराण्यात खोट हाय, असंच ना?" त्यानंतर तिने नात्यात सांगितले, की पोरीला डायबेटीस आहे. दोन स्थळे दारातूनच परतली.

सुमनबाई बाकावर बसून रडल्या. "मी नात्यात लग्न केलं नसतं तर..."

"तर मी झालेच नसते," वंदना म्हणाली आणि कॅनचे झाकण उघडून आईपुढे धरले. "घे, पी."

*

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत इगतपुरीचे स्थळ आले. मुलगा प्रकाश, रेल्वेत नोकरीला. सुमनबाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतले. मोठ्या माणसाने नीट शब्दांत सांगितलेले बरे. तरीही ऐन वेळी त्यांचा धीर सुटला. "काकू, आज राहू द्या. कॅन मागच्या दारी ठेवलाय. ठरल्यावर सांगू."

"आई," वंदना म्हणाली, "लपवून लग्न केलं तर पाणीही आयुष्यभर लपवूनच प्यावं लागेल."

ती ट्रे घेऊन बाहेर आली. सगळ्यांना पाणी दिले. मग स्वतः खुर्चीत बसून उरलेला पेला प्याली, आणि आत जाऊन आणखी एक भरून आणला. पाहुणे बघत राहिले. मी सर्व सांगितले, काहीही गाळले नाही. पाणी जन्मभर लागेल. उलट्या किंवा ताप आला तर तडक दवाखाना गाठावा लागेल. नात्याबाहेर लग्न झाल्यास मुलांना हा आजार होण्याचा संभव फार थोडा.

प्रकाशने एकच प्रश्न विचारला. "रात्रीही उठावं लागतं?"

"दोन-तीन तासांनी," वंदनाने सरळ सांगितले.

"बरंच झालं. माझी नाईट असली की आईला घरात भीती वाटते. कुणीतरी जागं असेल."

त्याची आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. सुमनबाईंचा चेहरा पांढरा पडला. आतून झाकण उचलल्याचा आवाज आला, मग ठेवल्याचा. पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली,

"अहो, आपला माठ लय लहान हे. जाताना घोटीला उतरू, मोठा घेऊ."