उभी घागर

आमच्या आधी त्या ओसाड गावात जो कुणी पाणी प्यायला, त्याने आम्हा दोघांना फसवलं. कच्छमधल्या एका घळीपलीकडच्या त्या गावात मेंढपाळ पडक्या देवळाच्या ओट्यावर घागर भरून ठेवतात. पाणी संपवणाऱ्याने ती पालथी घालायची, म्हणजे पाणी नाही हे लांबूनच कळतं. अलीकडच्या कड्यावर सायकली लावताना आम्हाला ती उभी दिसली.

मी धंद्यात घासाघीस करत वर आलेला माणूस; पाठीवरच्या पिशवीतही ग्रॅमग्रॅमसाठी भांडतो. मित्र दिनकर म्हणाला, "शेठ, सायकलवरच्या दोन बाटल्या तरी घेऊ."

"घागर दिसत नाही? हमाल आहेस का?" मी खेकसलो.

भर उन्हात घळ उतरून-चढून तासाभराने पायी पोचलो, तर घागरीत कोळ्याचं जाळं होतं. दिनकर भिंतीच्या सावलीत कोसळला; त्याची जीभ अडखळत होती. समोर छपरं गेलेली घरं रांगेने उभी होती. त्या घरांतली माणसंही अशाच एखाद्या खुणेवर विसंबून इथे थांबली असतील, असं वाटून गेलं.

दिनकर वाचला, पण त्यानंतर सायकलला शिवला नाही. बाटल्या मी सोडल्या, मान्य. पण त्या माणसाने समोर येऊन सांगावं, रिकामी घागर पालथी घालायला त्याला किती वजन उचलावं लागणार होतं?