फ्रिजवरची पिशवी

आमच्याकडे नाताळचा फराळ व्हायचा तो दिवाळीसारखाच. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. फक्त आई शंकरपाळे चौकोनी न कापता चांदणीच्या साच्याने कापायची. तो पत्र्याचा साचा तिने लग्नानंतर नगरहून आणला होता. नेरूळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर आमचं एकटंच, त्यामुळे तसले शंकरपाळे दुसऱ्या कुणाकडे असणं शक्यच नव्हतं.

चर्चमधल्या उपासनेहून घरी आलं की पहिलं ताट जायचं समोरच्या काकूंकडे. काकू साताऱ्याच्या. त्यांची किल्ली आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे. ताट त्या दारातच घ्यायच्या, वरचा क्रोशाचा रुमाल जरा उचलून बघायच्या आणि आईच्या हाताचं तोंड भरून कौतुक करायच्या. आई दिवसभर खूश असायची.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दूध घेऊन वर येत होते. दोन्ही घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी जिन्यात बसून प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारत होत्या. त्या जवळच्याच जुन्या गावातल्या. पिशवीत आमच्या चांदण्या होत्या. करंज्या, चकल्या, बटरपेपरमध्ये गुंडाळलेला केकही तसाच. ताटातल्या एकाही जिनसेला काकूंच्या घरात कुणी हात लावला नव्हता.

मला किळस आली. काकूंच्या त्या कौतुकाची, त्या हसऱ्या तोंडाची. यांच्या भांड्यांत काय काय शिजत असेल, असं मनात म्हणतच ही बाई आमच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होती, पोहे खात नव्हती, आणि उपास असल्याचं सांगत होती. दर वेळी उपास. आम्ही इतके बावळट, की तेही खरं मानलं.

घरात जाऊन मी आईला सगळं सांगितलं आणि पुढच्या वर्षी ताट पाठवायचं नाही, असं बजावलं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला, मग परत चालू झाला.

"देवाने आपला पुत्र दिला तो लोक घेतील का, हे विचारून नाही दिला," ती म्हणाली. "आपण द्यायचं."

रविवार शाळेतल्या पोरांना शिकवायचं वाक्य माझ्या तोंडावर मारल्याचा मला आणखीच संताप आला. मी आवाज चढवला. तोवर मावशी येऊन भांडी घासायला लागल्या होत्या. मान न वळवता त्याच बोलल्या.

"त्यान रागवायचा काय, ताई? तुमचा फराल त्या मना देतान, त्यांचा तुमी देता. दोनी घरचा आमीच खातव. आमच्या पोरांना काय झाला नाय."

आईने ताटलीतून मान वर केली नाही. मी मात्र फ्रिजकडे बघितलं. दर दिवाळीला काकूंचं ताट आलं की आई ते असंच तोंड भरून कौतुक करत घ्यायची आणि पिशवीत ओतून फ्रिजवर ठेवायची. मूर्तीला दाखवलेलं आपल्याला चालत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती पिशवी मावशींच्या हातात द्यायचं काम तर माझंच. इतकी वर्षं ते मी केलं, आणि त्यात वाईट काही आहे असं मला एकदाही वाटलं नाही. काकूंची आली होती त्याहून जास्त किळस मला आता माझी आली.

पुढच्या दिवाळीत काकू ताट घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोरच करंजी उचलली. घास तोंडात फिरत राहिला, तरी गिळला. आईने माझ्याकडे बघितलं, मग तिनेही एक घेतली. काकू दारातच उभ्या राहिल्या.

"तुम्ही खाता आमचं?" त्यांनी विचारलं. "मला वाटायचं, तुमच्यात चालत नाही."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच सगळं माहीत होतं.

त्या नाताळला काकूंनी ताट घेतलं आणि आमच्याकडे येऊन, बसून पहिल्यांदाच खाल्लं. आईचे डोळे भरून आले. चर्चच्या पाळकांनी सकाळी शेजाऱ्यावरच्या प्रीतीबद्दल सांगितलं होतं ते आपण करून दाखवलं, असं मला वाटत होतं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. भांडी झाली, ओटा पुसला, हात पदराला कोरडे केले. निघताना त्यांनी सवयीने फ्रिजच्या वर बघितलं. तिथे काही नव्हतं. दिवाळीतही नव्हतं, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं. समोरच्या घरातूनही त्या रिकाम्या हातानेच आल्या होत्या. आईने घाईघाईने चहाचं विचारलं. त्या नको म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

सात वर्षं त्या आमच्याकडे कामाला होत्या. त्यांच्यासाठी म्हणून एक ताट आम्ही कधी भरलं नव्हतं. मी धावत जाऊन शंकरपाळ्यांचा डबा उघडला. तळाला नुसता चुरा होता. काकूंच्या घरी चांदण्या फार आवडल्या, म्हणून उरलेल्या सगळ्या आदल्या संध्याकाळी मीच नेऊन दिल्या होत्या.