संचिताचा खिसा

आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये नटणाऱ्या मुली ढिगाने आहेत. सकाळी सात वाजता माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहा, कॉलेजला निघालेल्या दिसतील. एकीसारखी दुसरी. त्याच मॉलमधली तीच जीन्स, तोच टॉप, तेच मोकळे सोडलेले केस. मला विचाराल तर संचिता सोडून यातल्या एकीलाही कपडे घालता येत नाहीत. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, पोरगी आधीच डोक्यावर बसलेली आहे. पण तिच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती तिच्या जिवावर बेतली, म्हणून आज सगळं सांगून टाकतो.

मी दत्ताराम. मूळचा लांज्याचा, गेली एकतीस वर्षं मीरा रोडला लेडीज टेलर. बायको आशा दुकानात फॉल-पिको बघते आणि माझ्या चुका बघते. दुसरं काम ती जास्त मन लावून करते.

संचिता समोरच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. आई शुभदाताई एका शाळेत क्लार्क आहेत, वडील कुरिअर कंपनीत. गिरगावातून इकडे आले तेव्हा ही पाच वर्षांची होती. आता भाईंदरच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सव्वासातचं लेक्चर. मी साडेसहाला शटर वर करतो, चहा ओततो, तेवढ्यात ही हजर.

"काका, पटकन. कसं दिसतंय?"

आता काय सांगू? एक दिवस बाबांचा ऑफिसचा जुना पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कमरेला आईच्या साडीच्या काठाचा पट्टा. दुसऱ्या दिवशी कॉटनची साडी आणि खाली चक्क धावायचे बूट. एका कानात झुमका, दुसऱ्या कानात नुसता मोती. मी म्हटलं, "अगं, दुसरा हरवला काय?" तर म्हणते, "नाही काका, तो उद्या." तिच्या बाबांचं कपाट हळूहळू रिकामं होतंय, त्यांना अजून पत्ता नाही. मी दर वेळी काहीतरी खोट काढायचो. बाही अर्धा इंच लांब आहे म्हणायचो. ती हसायची, शेअर रिक्षा पकडायची आणि जायची. गेल्यावर मी आशाला म्हणायचो, "काय नजर आहे पोरीला!" आशा म्हणायची, "मग तिला सांगा ना, मला काय सांगताय?"

पहिल्यांदा कुर्ता शिवायला आली तेव्हा बारावीत होती. आईची जुनी इरकल घेऊन आली.

"काका, खिसा हवा."

"कुर्त्याला?"

"दोन्ही बाजूंना. आणि खोल. मूठ आत गेली पाहिजे."

"आणि पर्स कशाला असते मग?"

"पर्स माणूस कुठेही विसरतो. अंगावरचे कपडे विसरतो का?"

मी भडकलो. अहो, इतक्या वर्षांत बायकांच्या कपड्याला खिसा लावायला मला कुणी सांगितलं नव्हतं. कंबरेवर फुगवटा येतो, शिवण ओढली जाते, कापड सरळ पडत नाही. पण ती काउंटरला टेकून उभी राहिली ती हलेचना. शेवटी लावला. नंतर प्रत्येक ड्रेसला, प्रत्येक स्कर्टला, साडीच्या आतल्या परकरालासुद्धा. वर्षभरात तिच्या कॉलेजातल्या मुली येऊन सांगायला लागल्या, "मास्टरजी, वो संचिता जैसा पॉकेट." फॅशनच होऊन बसली. मी वैतागायचो आणि मनातून फुगायचो, दोन्ही एकदम.

त्या खिशात काय असायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. संचिताला शुगर आहे. म्हातारपणी होते ती नाही, लहानपणीच होते ती. बाराव्या वर्षापासून दिवसातून चार इंजेक्शनं. आणि कधी कधी उलटंच होतं, साखर एकदम खाली उतरते. हातपाय कापतात, दरदरून घाम फुटतो, बोलणं सुचत नाही. तेव्हा लगेच पोटात गोड गेलं नाही तर माणूस आडवाच. म्हणून खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. घरच्यांनी ही गोष्ट बाहेर कुणाला कळू दिली नव्हती. उद्या लग्नाचं बघायचं, आजारी मुलगी म्हटल्यावर कोण पुढे येणार, असं शुभदाताईंचं म्हणणं. कॉलेजात जिवाभावाच्या मैत्रिणींनाही पत्ता नव्हता. आमची आशा घरचं कोकम सरबत पुढे करायची, ही नको म्हणायची. आशा म्हणायची, "डाएट! आजकालच्या पोरींना दुसरं येतं काय?" कधी दुकानात बसल्या बसल्या ती खिशातून गोळी काढून तोंडात टाकायची. मी चिडवायचो, "घोडी झालीस तरी गोळ्या खातेस!" ती म्हणायची, "आवडतात काका." आणि नजर दुसरीकडे वळवायची.

गेल्या डिसेंबरात कॉलेजचं गॅदरिंग होतं. सूत्रसंचालन संचिताकडे, म्हणजे दोन-अडीच तास स्टेजवर. तिने आईची हिरवी नारायणपेठ आणली, लग्नातली. म्हणाली, घागरा शिवा, वरती कॉलरवालं ब्लाउज, शर्टासारखं. कागदावर चित्र काढून आणलं होतं. चित्र बघून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. असं काम वर्षातून एखादंच हातात येतं.

"आणि काका, खिसा."

"याला नाही."

"यालाच तर हवा! दोन तास स्टेजवर आहे मी. प्लीज."

"अगं, एवढा घेर, एवढं सुंदर कापड, तिथे खिसा लावला की झोळ येणार. लोक म्हणतील दत्तारामला घागरा येत नाही."

"काका, मला खरंच लागतो हो."

एवढं म्हणाली. डोळ्यांत बघून म्हणाली. त्यापुढे तिला काही बोलता येत नव्हतं, घरच्यांनी शपथ घातलेली. मला कळायला हवं होतं. मी "बरं बाई" म्हटलं आणि खिसा लावला नाही. वरून शिवणीवर पट्टी मारून ठेवली, बघणाऱ्याला वाटावं खिसा आहे. मनात म्हटलं, घालून बघेल, घेर बघेल आणि स्वतःच म्हणेल काका बरोबर होते. हा माझा शहाणपणा.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी धावत आली. मी म्हटलं, "घालून बघ एकदा." म्हणाली, "वेळ नाही काका, तुमच्यावर भरवसा आहे." पिशवी उचलली, आम्हा दोघांसाठी पास काउंटरवर ठेवले आणि गेली.

संध्याकाळी आम्ही हॉलमध्ये पाचव्या रांगेत बसलो. आमच्या पुढच्याच रांगेत शुभदाताई. पडदा उघडला आणि संचिता आली. काय सांगू तुम्हाला! टाळ्या थांबेनात. चालताना घागरा असा पडत होता की मी आशाला कोपराने ढोसलं, "बघ, झोळ आहे कुठे? बघ!" आशा म्हणाली, "तिचं बोलणं ऐका ना." बोलणंही तसंच. मराठीत सुरुवात, मध्येच हिंदी, मग एक गुजराती टोमणा, मागच्या रांगेतली वात्रट पोरंसुद्धा तिच्या मुठीत.

तासाभराने तिचा हात कमरेशी गेला. मला वाटलं, स्टाइल आहे. थोड्या वेळाने परत गेला. तिने एका ग्रुपचं नाव दोनदा घेतलं, पोरं हसली. कपाळावर घाम चमकत होता. मग तिसऱ्यांदा हात तिथेच गेला, आणि या वेळी मी नीट बघितलं. तिची बोटं मी मारलेली पट्टी चाचपत होती. वरून खाली, खालून वर, जणू तोंड सापडेल म्हणून. शुभदाताई ताडकन उभ्या राहिल्या. काय ते माहीत नव्हतं, पण हिला जे हवंय ते त्या खिशात असायला हवं होतं, एवढं मला कळलं.

मी उठलो तोवर ती स्टेजवरच खाली बसली. पडदा पाडला. आम्ही तिघं कसेबसे आत घुसलो. तिच्याभोवती ही गर्दी. कुणी तोंडावर पाणी मारतंय, कुणी म्हणतंय काही खाल्लं नसेल, एक जण चप्पल घेऊन आला, हुंगवायला. तिची मैत्रीण नीलम नुसती रडत होती. खिसा नाही हे संचिताला कपडे बदलताना कळलं होतं, म्हणून गोळ्यांचं पाऊच तिने बॅगेत टाकलं होतं आणि बॅग वरच्या वर्गात राहिली होती. साखर उतरल्यावर भान सुटलं आणि हात सवयीने खिशाच्या जागी जात राहिला. संचिता ओठ हलवत होती. शुभदाताईंनी मुलीकडे बघितलं, मग त्या सगळ्या तोंडांकडे. आणि ओरडल्या, "गोड द्या तिला! शुगर आहे माझ्या मुलीला!"

आशा घराबाहेर पडताना सरबताची बाटली घेतल्याशिवाय निघत नाही, मी त्यावरून आयुष्यभर चेष्टा केली. तिने बाटली उघडली आणि हळूहळू तिला पाजली. संचिताने एका थेंबालाही नको म्हटलं नाही.

वीस मिनिटांनी पडदा परत उघडला. प्राध्यापक नको म्हणत होते, आई नको म्हणत होती. ही केस बांधून माइकसमोर उभी.

"माझी शुगर उतरली होती," ती म्हणाली. "मला डायबेटिस आहे, बारा वर्षांची असल्यापासून. परत कधी असं झालं तर कृपा करून चप्पल हुंगवू नका, गोड द्या. आता पुढचा डान्स."

हॉल उभा राहिला. मी मात्र खाली बसलो.

आठ दिवस ती दुकानावरून गेली नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण मला वाटायचं, ती रस्ता बदलून जाते. आशा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. आणि काय बोलणार? मी केलेली गोष्ट तिला मी त्याच रात्री सांगितली होती.

नवव्या दिवशी दुपारी दोघी आल्या, आई आणि मुलगी. दुकानात गर्दी होती, सोसायटीतल्या तीन-चार जणी ब्लाउजसाठी उभ्या होत्या. मी मशीनवरून उठलो. गिऱ्हाइकासमोर हा शब्द मी एकतीस वर्षांत काढला नव्हता, तो काढला.

"चुकलं माझं, पोरी."

संचिता रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवीतून तो हिरवा घागरा काढून काउंटरवर पसरला.

"घेर मस्त पडला होता काका. खरंच. आता याला खिसा लावा. बाहेरून. लाल कापडाचा. लांबून दिसला पाहिजे."

लाल! हिरव्या नारायणपेठेवर लाल खिसा, तोही बाहेरून! माझ्या तोंडून नेहमीचं काहीतरी निघणार होतं, तेवढ्यात शुभदाताई पुढे झाल्या. ब्लाउजवाल्या बायका कान देऊन होत्या. शुभदाताईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि आवाज मुळीच खाली न आणता म्हणाल्या,

"खोल करा मास्टर. तिचं इंजेक्शनही त्यात मावलं पाहिजे. आणि टीप डबल मारा."

मी मान हलवली. आशाने न सांगता लाल कापडाचं गाठोडं सोडलं. मी घागरा मांडीवर घेतला आणि आधी ती खोटी पट्टी उसवायला लागलो. डोळ्यांत पाणी असलं की सुईत दोरा ओवता येत नाही, उसवता मात्र येतं.