ठिपक्यांतली वाट

१८ जानेवारी १९६८, गुरुवार. सकाळचे साडेनऊ. तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम चालू होते आणि तिथल्या एका ठेकेदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात मी आरेखक होतो. साइटच्या दवाखान्यातले डॉक्टर आत आले आणि त्यांनी रंगपरीक्षेचे पुस्तक माझ्या टेबलावर आपटले.

पुस्तकाच्या प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांची गर्दी होती आणि त्या गर्दीत एक आकडा. ज्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतात त्याला आकडा दिसतो. ज्याला दोन्ही सारखेच दिसतात त्याला नुसते ठिपके दिसतात.

"पाठ केलंय सगळ्यांनी," डॉक्टर म्हणाले. "बोईसर स्टेशनपासून ट्रकमध्ये एकमेकांची उजळणी घेतात. आज एकाने मी पान उघडायच्या आत आकडा सांगितला."

"बरोबर सांगितला?"

"बरोबर! हीच तर तक्रार आहे माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी केबल जोडणाऱ्या टोळीची तपासणी होती. कंट्रोल केबलच्या पोटात बारीक तारांचा जुडगा असतो. प्रत्येक तारेचा रंग वेगळा. या टोकाची लाल त्या टोकाच्या लालला जोडायची. चूक झाली, तर बंद समजलेली तार चालू असते आणि तिला हात लावणारा माणूस दुसराच असतो. डॉक्टरांना नवे कार्ड हवे होते, संध्याकाळी साडेपाचपर्यंत. आणखी एक अट त्यांनी घातली. टोळीत आसपासच्या पाड्यांवरची काही माणसे होती. त्यांना आकडे वाचता येत नव्हते.

मी आकडा सोडून दिला. ठिपक्यांमधून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी नागमोडी वाट काढायची आणि ती बोटाने गिरवायला सांगायची, असे ठरवले. कार्ड चौरस घेतले. चौरस कार्ड कोणत्याही बाजूने धरता येते. मग पाठ करून उपयोग नाही.

कंपासने लहानमोठी वर्तुळे काढण्यात सकाळ गेली. वाट मळकट नारिंगी, भोवतालचे रान शेवाळी. दोन्ही रंगांच्या फिकट, मध्यम आणि गडद छटा करून त्या मिसळून भरल्या; कारण रंग न ओळखणारा माणूस फिकट-गडद मात्र आपल्यापेक्षा बारकाईने पाहतो. डोळे अर्धवट मिटून पाहिले की वाट नाहीशी व्हावी. ती झाली.

पालघरहून आणलेले पोस्टर कलर खाऱ्या, दमट हवेत नीट धरत नसत. बोट घासले की रंग उठून येई. उद्या बोटे फिरणार ती वाटेवरून. म्हणून वाटेच्या ठिपक्यांवर मी डिंकाच्या पाण्याचा एक हात दिला आणि कार्ड वाळत ठेवले.

तीनच्या सुमारास दवाखान्यातला अटेंडंट कार्डाची चौकशी करायला आला. किनाऱ्यावरच्या नवापूरचा माणूस, होडीवर वाढलेला. कार्ड त्याच्या हातात दिले. त्याने न अडखळता वाट गिरवली.

"ही तं खाडी हाय, सायेब. वळणां लय घेतलीस, पन होडी जाईल."

"कुठे अडली नाही ना?"

"आमची होडी अडत नाय. डागतरांची अडंल."

तो हसत गेला. माझे समाधान झाले नाही. ज्याला वाट दिसते, त्याला ती किती लपली आहे हे सांगता येत नाही. त्यासाठी ज्याला ती दिसत नाही असाच डोळा हवा. साइटवर असा डोळा मला एकच ठाऊक होता.

बोईसरला भाड्याच्या खोलीत माझ्याबरोबर एक वायरमन राहत असे. कऱ्हाडकडचा, माझ्याहून वयाने मोठा. बायको आणि दोन मुली गावी. बाजारात त्याने एकदा कच्चे टोमॅटो भरून घेतले, तेव्हा भाजीवालीने त्याची थट्टा केली होती. परतताना त्याने आपण होऊन मला सांगितले, की लाल आणि हिरवे त्याला एकाच मातकट रंगाचे दिसते. ते कुणाला बोलू नये, असेही सांगितले. तो केबल जोडत असे. त्याचा हेल्पर रंग उच्चारी आणि हा त्या तारेला दोऱ्याची गाठ मारी. मग गाठी पाहून जोडणी. आठवड्यापूर्वी तो हेल्पर दुसऱ्या पाळीत गेला होता. उद्याच्या तपासणीत वायरमनचे नाव होते आणि तपासणीनंतर टोळीतली माणसे कायम होणार होती.

त्याला बोलावणे म्हणजे त्याची उद्याची परीक्षा आज घेणे होते. चहाच्या सुट्टीत मी त्याला बोलावले.

"काय ड्राफ्समन, नकाशात आमचं घर काढलं का न्हाई?" तो दारातूनच म्हणाला.

मी कार्ड त्याच्यापुढे ठेवले आणि वाट गिरवायला सांगितले. त्याचा चेहरा उतरला. त्याने कार्ड उचलले, जवळ धरले, लांब धरले. मग खिडकीकडे थोडे कलते केले. बोट कडेवर ठेवले आणि पहिल्या वळणावर वळवले. दुसऱ्यावरही. बोट पलीकडच्या कडेला पोहोचले तेव्हा तो मोठ्याने हसला.

"घ्या! झालो पास."

"कसे दिसले?"

"चकाकतंय की. कलतं धरलं की गोगलगाय चालून गेल्यावानी."

बोलून झाल्यावर त्याचे हसू गेले. मी कार्ड परत घेतले. खिडकीच्या उजेडात कलते धरल्यावर डिंक लावलेला प्रत्येक ठिपका स्पष्ट झळकत होता. रंग पाहण्याची गरजच नव्हती.

मी डिंकाची वाटी पुढे ओढली.

"थांबा जरा," तो म्हणाला. "उद्याचा एक दिस. परवा काय ते करा."

"उद्यासाठीच कार्ड आहे."

"तीन वर्सं जोडतोय. एक चूक दाखवा माझी."

"हेल्पर होता."

"नवा मिळंल."

"उद्या मिळेल?"

बाहेर ड्रिलचा आवाज चालू होता. तो म्हणाला, "पोरींना इथं आणतो म्हणून कळवून बसलोय. तुमच्याच हातानं लिवून घेतलं, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होते. मी ब्रश भिजवला आणि उरलेल्या सर्व ठिपक्यांवर, रिकाम्या जागेवरही, कडेपासून कडेपर्यंत डिंकाचा सारखा हात दिला. तो उभा राहून पाहत होता. ओल जायला वेळ लागला. त्याने निघून जावे असे मला वाटत होते. तो गेला नाही.

कार्ड वाळल्यावर ते पुन्हा त्याच्या हातात दिले. त्याने ते खिडकीकडे कलते केले. या बाजूने, त्या बाजूने. सगळे कार्ड सारखेच चमकले. बोट कडेवरून आत शिरले, पहिल्या वळणापाशी सरळ रानात गेले आणि थांबले.

"गेली वाट," तो म्हणाला. मग, "डॉक्टरला सांगणार?"

"नाही. उद्या कार्ड सांगेल."

"सगळ्या टोळीम्होरं?"

मी ब्रश धुवायला घेतला. त्याने कार्ड टेबलावर ठेवले, टोपी नीट केली आणि दवाखान्याच्या दिशेने चालू लागला.

साडेपाचला डॉक्टर आले. तो त्यांच्या मागे होता. आपण रंग ओळखत नाही हे त्याने स्वतःच त्यांना सांगितले होते.

"खरं आहे?" डॉक्टरांनी मला विचारले.

"या कार्डावर त्यांचे बोट थांबले," मी म्हणालो.

डॉक्टरांनी कार्ड उजेडात फिरवून पाहिले. केबलच्या जोडणीवरून त्याला आजच काढावे लागेल, असे ते म्हणाले. केबलचे वेष्टण मीटरने तपासणारी दोन माणसे इंजिनिअरांना हवी होती. पांढऱ्या तबकडीवर काळा काटा, रंगाचा संबंध नाही. तिथे ते शब्द टाकणार होते. मात्र कायम होण्याचे या खेपेला जमणार नाही, हे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितले. तो "बरं" म्हणाला. कार्ड घेऊन डॉक्टर गेले.

बोईसरला परतताना ट्रकमध्ये तो पुढे बसला, मी मागे. कुंभवलीपाशी कोणीतरी त्याला उद्याच्या आकड्याबद्दल विचारले.

"आकडा न्हाई," तो म्हणाला. "वाट हाय. पाठ करू नका, फिरवत्यात ती."

खोलीवर आल्यावर त्याने चटई पसरली आणि तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. जेवायला हाक मारली, तर नको म्हणाला. मी त्याचा भात झाकून ठेवला. पाणी भरण्याची पाळी त्याची होती. बादल्या घेऊन मी विहिरीवर गेलो आणि दोन्ही भरून आणल्या.