दोन नंबरचा सिलिंडर

घाटंजीच्या एका जिनात मी इंजिन ड्रायव्हर होतो. कापसातून सरकी काढणारी सगळी यंत्रं एका दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर चालत, आणि त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असे. आमच्या घराण्यात आजवर कोणाच्या हाती कसली किल्ली आली नव्हती. म्हणून ती नोकरी मला जिवापाड प्यारी होती.

छप्पन्न साली आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दसऱ्याला ड्रायव्हरनंच इंजिनापुढे नारळ फोडायचा, असा जिनातला रिवाज. पुढच्या दसऱ्याला मी तो फोडायला साफ नकार दिला.

हंगाम भरात आला आणि इंजिनाचा ठोका बदलला. एक ठोका दमदार, दुसरा पोकळ. तेल ओतायच्या तोंडातून धूर फुसफुसू लागला. जिनाच्या मालकाला, शेटजींना सांगितलं, तर म्हणाले, "नारळ नाई फोडला तुनं, म्हनून रुसलं ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना खोलीत नेलं. चालत्या इंजिनावर एक नंबरच्या सिलिंडरच्या डिझेल नळीचा नट ढिला करून त्याचं डिझेल तोडलं, तर इंजिन बंद पडायला आलं. तो आवळून दोन नंबरचा ढिला केला. वेगात काडीचा फरक नाही.

"पाहा शेटजी, हा दोन नंबर नुसता बसून खाऊन राह्यला. कंप्रेशनच नाई याच्यात, दाब धरत नाई. पिस्टनच्या रिंगा गेल्या याच्या."

"मले नोको शिकवू. यवतमाळचा मिस्त्री येईन."

मिस्त्री आला. माझ्याकडून सगळं विचारून घेतलं आणि फक्त दोन नंबर उघडला. झिजलेल्या रिंगा काढून नव्या घातल्या. सुरू करण्याआधी शेटजींनी त्याच्या हातून नारळ फोडवला. इंजिन झटक्यात धडधडलं.

"पाह्यलं?" शेटजी सगळ्या मजुरांदेखत म्हणाले. "हे नारळाचं काम."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. जुन्या रिंगा त्याच्या हातातच होत्या. त्यानं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिला. शेटजींपेक्षा मला त्याचाच राग जास्त आला, आजही येतो.

किल्ली त्याच दिवशी गेली. मला आवारात कापसाची ओझी वाहायला लावलं. आतून दोन्ही ठोके सारखेच दमदार ऐकू यायचे, आणि प्रत्येक ठोक्याला शेटजी खरे ठरायचे. ज्याचं दुखणं मी ओळखलं, तेच इंजिन बंद पडावं म्हणून मी दिवसभर कान देऊन असायचो. पूर्ण हंगामात ते एकदाही बंद पडलं नाही.