रात्यापुढचा शब्द

रोह्याची ती वही मी अजून विसरलेलो नाही. नव्वदच्या दशकात मी तिथे उपनिरीक्षक होतो. एक दिवस सकाळच्या हजेरीलाच गावातले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर अर्ज घेऊन आले. दवाखान्यातलं कपाट कोणीतरी फोडलं होतं. बाकी सगळं जागेवर, फक्त त्यांच्या शेतीच्या बियाण्यांची वही गेली होती. रीतसर फिर्याद मात्र नको म्हणाले. बियाण्यांच्या वहीसाठी शिकलासवरलेला माणूस घामाघूम झालेला पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली.

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींकडून पहिली खबर मिळाली. "पेनकडचा एक माणूस दोनदा येऊन गेला. माझी नोंद दाखवा म्हनत व्हता."

मग कंपाउंडरचा जबाब घेतला. वहीत काय होतं विचारलं, तर म्हणाला भाताचे वाण, कोळंबा, झिनी, राता. माझे हवालदार भातशेतीच्या घरातले. लिहिता लिहिता ते थांबले.

"साहेब, राता खाऱ्या जमिनीत होतो, पेणच्या खारेपाटात. डॉक्टरांचं शेत डोंगराला. ते राता कशाला लावतील?"

डॉक्टरांना बोलावून घेतलं. चौकशीत मी आवाज चढवत नसे. चहा द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. चहा निवला तेव्हा डॉक्टर बोलले. वहीतली ती भातं नव्हती, माणसं होती. मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी त्या माणसांनी वीर्यदान केलं होतं. तेव्हा या कामाला कायदाच नव्हता. नाव फुटू नये म्हणून कंपाउंडरने प्रत्येकाला त्याच्या गावाकडच्या भाताचं नाव दिलं होतं. राता एकच होता, तोच पेणकडचा माणूस.

वडखळच्या पुढे खाडीलगत त्याचं घर. मिठागरावर काम करायचा आणि तुकडाभर खारजमीन कसायचा. आम्हाला पाहताच त्याने आपणहून वही काढून दिली.

"न्या, साहेब. चुकीची उचलली. ही तर भाताची हाय. माझं नाव कुटंच नाय."

तरुणपणी तो रोह्याच्या कंपनीत शिफ्टला असताना डॉक्टरांनी त्याला गळ घातली होती. पुढे त्याचं लग्न झालं, एक मुलगी झाली, ती सहा वर्षांची होऊन तापात गेली. नंतर मूल झालं नाही.

त्याची बायको दाराशी उभी होती. "आमाला कुनाला आनायचं नाय, साहेब. कुटंतरी हाय, येवढंच कळलं तर बरं वाटंल."

"गप गो," तो हळूच म्हणाला.

मी पानं चाळली. 'राता' पुढे हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'रुजलं'. त्यापुढे एका गावाचं नाव होतं. त्या गावात कोणाला तरी ते मूल बाबा म्हणत असणार. मी वही मिटली.

"हो, भाताचीच आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी अर्ज मागे घेतला, आम्ही तो निकाली काढला. वही त्यांनी त्याच दिवशी बंबात घातली.

आता कायदा झाला आहे, दात्यांच्या नोंदी जपून ठेवाव्या लागतात. वाचून बरं वाटलं. मी तेव्हा बरोबरच वागलो, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण त्या बाईने गाव विचारलंच नव्हतं. तिला हवा होता एक शब्द, आणि गाव झाकून तो शब्द मला देता आला असता. समोरचा नेमकं किती मागतोय ते नीट ऐकावं, हे मी इतक्या नोकरीत शिकलो नव्हतो.

निवृत्तीनंतर पेणच्या बाजारात तो भेटला. मला ओळखून त्याने हातात पिशवी दिली.

"घरचा राता हाय, साहेब."

मी बायकोची चौकशी केली.

"गेल्या साली गेली. जाईपरेंत म्हनायची, कुटंतरी असंल."

मला राहवलं नाही. मी त्याचा हात धरला. "होतं. त्या वहीतला राता म्हणजे तूच. पुढे लिहिलं होतं, रुजलं."

त्याने पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिला सांगाया पायजे व्हतं, साहेब."