कातानं धरलेलं रक्त

“जीभ दाखवा, मावशी.”

सकाळी प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं की ती आधी हे म्हणायची. मी जीभ काढायची, ती चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहायची. “साफ आहे.” मग रक्त घ्यायचं असेल त्या दिवशी मी बाही वर करायची.

छत्तीसगड वेगळं झालं त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. जबलपुरातल्या एका कॉलेजात मी काचेची भांडी धुवायची. ती तिथे पीएच.डी. करत होती. खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मराठी पोरगी, बाप फॅक्टरीतून नुकताच रिटायर झालेला. वयानं माझ्या मुलीएवढी, तरी मी दीदीच म्हणायची.

मी चौथी शिकलेली. मला तिनं असं समजावलं : “आवळा खाल्ला की तोंड कोरडं पडते ना? त्याच्यातला तुरटपणा थुंकीतल्या प्रोटीनला धरते. हिरडा-बेहड्यात तो आहे, चहात आहे, कातात आहे. रक्तातल्या प्रोटीनलाही असाच धरते. किती घट्ट धरते अन् कधी सोडते, ते मी मोजून राहिली.”

“मोजून काय होईल?”

“औषधंही त्याच प्रोटीनवर बसून फिरतात, मावशी. जागा यानं घेतली तर औषधानं कुठं बसायचं?”

“अच्छा. वाटेत उतरणारे रांझीवाले आधी बसले की खमरियाच्या बसमध्ये मी उभी राहते, तसं.”

“तसंच!” ती हसली. असं हसताना मी तिला फार वेळा पाहिलं नाही.

प्रोटीनवर प्रकाश टाकला की ते मशीनमध्ये चमकायचं. तुरट काही चिकटलं की चमक मंदावायची. तुलनेसाठी तिला कोरं रक्त लागायचं, काहीच न चिकटलेलं. कॉलेजात सगळे चहाबाज. मला चहानं पित्त होतं, म्हणून तिनं मला धरलं. पानात कात असतो, तेवढं पान सोडा म्हणाली. मी हो म्हटलं.

सोडलं नाही. घरी पान खायचं आणि निघताना राखेनं दात-जीभ घासायची. लाली गेली म्हणजे कात गेला, असं मी धरून चालले. हसा हवं तर.

दोन वर्षं तिचे आकडे जुळेनात. तिनं पाणी बदललं, मशीनचा दिवा बदलला, सरांची बोलणी खाल्ली. मुदत दोनदा वाढवून झाली होती. या वेळी प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. चूक कुणाचीही असो, आधी स्वतःला तपासणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एक दिवस तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. “मलेच जमत नाही, मावशी. या हातातच खोट आहे.”

तेव्हा मी सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वहीची पानं उलटत राहिली. शेवटी म्हणाली, “राखेनं जीभ साफ होते, मावशी. रक्त काहून होईल?” मग वही मिटून, “पंधरा दिवस पान सोडा. खरंच सोडा. मग पुन्हा रक्त घेते.”

सोडलं. डोकं फुटायचं, सुनेवर खेकसायची. चौदा दिवस ती रोज येऊन जीभ पाहायची. “साफ आहे.”

पंधराव्या दिवशी मी बाही वर करून उभी राहिले. तिची खुर्ची रिकामी. सर म्हणाले, “मौसी, वो अब नहीं आएगी. थीसिस की तारीख तो पिछले सोमवार ही निकल गई.”

“मग ती नंतरही रोज काहून येत होती?” मी मराठीतच विचारलं. सरांना कळलं नाही.

स्टँडवर एक रिकामी नळी होती. वर तिच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी : मावशी, कोरं.

मी बाही खाली केली. चिठ्ठी भिजवून काढली, नळी धुतली आणि जाळीत उलटी ठेवली.